पहिल्यांदा स्कीइंगला जाताय? मग आधी बुटांकडे बघा

पहिल्या स्की ट्रिपला मी लोकरीचे दोन जोड मोजे एकावर एक चढवून गेले होते. बर्फात जायचं म्हणजे पाय गारठणार, त्यात एवढा विचार काय करायचा. सकाळी अकराच्या सुमारास पायाची बोटं जागेवर आहेत की नाहीत तेच कळेना, नडगी अशी ठणकत होती की बाकीचे सगळे उतारावर आणि मी बाकावर, बूट काढून पाय चोळत बसलेली. तेव्हापासून कुणीही विचारलं ना, की पहिल्यांदा चाललोय, काय काय लागेल, की मी जॅकेट-बिकेट बाजूला ठेवून बुटांपासूनच सुरू होते. हा लेख पण तसाच बुटांकडे कललेला आहे, चालवून घ्या.

जायच्या आधी

महिना-दीड महिना हातात असेल तर मांड्यांवर काम करा. स्कीइंगमध्ये माणूस तासन् तास गुडघे वाकवून उभा असतो, त्यामुळे रोज धावणाऱ्या लोकांचीही दुपारपर्यंत वाट लागते. भिंतीला पाठ टेकवायची, खाली खुर्ची आहे असं समजून बसायचं आणि मांड्या थरथरेपर्यंत तसंच राहायचं, दिवसातून तीन-चार वेळा. जोडीला बैठका, आणि जिने चढण्यापेक्षा उतरायची सवय, कारण उतारावर शरीर सतत ब्रेक मारत असतं आणि ते स्नायू एरवी फारसे वापरले जात नाहीत.

रिसॉर्ट निवडताना एकूण किती किलोमीटरचे उतार आहेत त्या आकड्याला भुलू नका. 200 किलोमीटर असले तरी पहिले दोन दिवस तुम्ही त्यातले जेमतेम 200 मीटर वापरणार आहात, खरंच. त्याऐवजी नकाशा उघडून बघा की नवशिक्यांची जागा कुठे आहे, तिथे सरकता पट्टा आहे का (मॅजिक कार्पेट म्हणतात त्याला, उभं राहायचं आणि तो वर नेतो), आणि त्याच्या पुढची पायरी म्हणून एखादा लांब, सोपा उतार आहे का. काही ठिकाणी नवशिक्यांचा भाग आणि पहिला खरा उतार यात एवढी दरी असते की माणूस तिसऱ्या दिवशी एकतर कंटाळतो नाहीतर घाबरतो. शाळांच्या सुट्ट्यांचे आठवडे टाळता आले तर टाळा, डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगा बऱ्याच कमी होतात.

इन्शुरन्सची पॉलिसी उघडून त्यात विंटर स्पोर्ट्स आहे का ते वाचा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बरेचदा ते नसतंच, वेगळं घ्यावं लागतं, आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च, त्यात हेलिकॉप्टर लागलं तर तोही, धरलाय की नाही ते पण बघा. कंटाळवाणं काम आहे पण दहा मिनिटांचं आहे.

कपडे

तीन थर. अंगाला चिकटून लोकरीचा किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, बाहेर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि पँट. सुती काहीही नको, आतलं बनियनसुद्धा, कारण शिकताना भयंकर घाम येतो आणि सुती कापड तो धरून ठेवतं, मग लिफ्टवर बसल्यावर तोच घाम गार होऊन हुडहुडी भरते. नवशिक्या माणसाला थंडी वाजण्यापेक्षा उकडतंच जास्त, म्हणून मधला थर काढता येईल असा असू द्या. मफलर किंवा लोंबणारी ओढणी अजिबात नाही, लिफ्टमध्ये अडकते. गळ्यात नेक गेटर, म्हणजे कापडी नळीसारखा पट्टा, घाला, तो नाकापर्यंत ओढता येतो.

हातमोजे वॉटरप्रूफच हवेत, कारण पहिल्या दिवशी हात बर्फात टेकवत टेकवतच दिवस जातो.

गॉगलवर एस-1, एस-2, एस-3 असं लिहिलेलं असतं. एस-3 म्हणजे गडद, कडक उन्हासाठी, एस-1 फिकट, ढगाळ दिवसासाठी. एकच घ्यायचा असेल तर एस-2 घ्या. आणि सनस्क्रीन विसरू नका, गंमत नाही ही, दर 1000 मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला लावा, लोक नेमकं तिथेच विसरतात.

भाड्याचं दुकान, म्हणजे खरी परीक्षा

स्वतःचं काही विकत घेऊ नका, सगळं भाड्याने मिळतं: बूट, स्की, पोल (हातातल्या काठ्या), हेल्मेट. फक्त दुकानात आदल्या दिवशी संध्याकाळी जा. सकाळी नऊ वाजता तिथे झुंबड असते, देणारा घाईत, घेणारा घाईत, आणि घाईत घेतलेला बूट दिवसभर सूड घेतो.

बुटाचा नंबर पायाच्या लांबीवरून असतो, सेंटिमीटरमध्ये, म्हणजे तुमचा पाय 26 सेंटिमीटर तर बूट 26 किंवा 26.5. पुष्कळ कंपन्यांच्या बुटांत अर्ध्या नंबरने बाहेरचं कवच बदलत नाही, त्यामुळे 26 घट्ट होतोय म्हणून 26.5 मागितला तर फरक पडेलच असं नाही. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंत येणारा. थर्मल पँट बुटाच्या आत खुपसू नका, तिची शिवण किंवा सुरकुती नडगीवर दाबली जाते आणि दोन तासांत तिथे वळ उठतो, माझ्या ठणकणाऱ्या नडगीचं अर्धं कारण तेच होतं. थर्मल मोज्याच्या वर थांबवा, बुटात फक्त मोजा.

आता घालायची पद्धत. बुटाची जीभ पुढे ओढून उघडा, पाय आत सरकवा, टाच जमिनीवर दोनदा जोरात आपटा म्हणजे ती मागे जाऊन नीट बसते. मग आधी घोट्यावरचं बक्कल, त्यानंतर नडगीवरची, पायाच्या बोटांवरचं सगळ्यात शेवटी आणि अगदी सैलसर. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकतो, आणि इथेच सगळे म्हणतात, लहान होतोय, मोठा द्या. थांबा. गुडघे पुढे वाकवा, नडगी बुटाच्या जिभेवर रेला. टाच मागे सरकते आणि अंगठा सुटतो. सुटला तर बूट बरोबर आहे. टाच वर उचलून बघा, ती आत वर-खाली होत असेल तर मोठा आहे, कितीही आरामशीर वाटला तरी परत करा. मोठ्या बुटात आपण नकळत बक्कल आवळत जातो, रक्त पोचत नाही आणि बोटं गार पडतात. माझं दोन मोज्यांचं प्रकरण हेच होतं, मोजा जाड म्हणून बूट मोठा, बूट मोठा म्हणून आवळला, आणि मी समजत होते थंडी फार आहे. बूट घालून दुकानात दहा-पंधरा मिनिटं फिरा. सगळीकडून सारखा दाब वाटणं ठीक आहे, एकाच जागी टोचणं ठीक नाही.

मग दुकानातला माणूस तुमचं वजन, उंची, वय आणि स्कीइंग किती येतं ते विचारेल. कृपा करून वजन खरं सांगा. या आकड्यांवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून तो बाइंडिंगचा (बूट स्कीला अडकवणारा भाग) डिन नंबर लावतो, म्हणजे किती जोर आला की स्की पायातून सुटणार ते ठरतं. नंबर कमी पडला तर स्की उगाच मध्येच निघते, जास्त झाला तर पडल्यावरही निघत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पहिल्यांदाच करतोय हे पण स्पष्ट सांगा, इथे ऐट मारून काही मिळत नाही. स्कीची उंची हनुवटीच्या आसपास असावी, मित्र लांब घ्या म्हणाला तरी नको, आखूड स्की सहज वळते.

हेल्मेट घालून डोकं हलवा, ते डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर नाही. गॉगल आणि हेल्मेट यात कपाळाची फट राहू देऊ नका.

निघायच्या आधी स्कीवरच्या नंबराचा मोबाइलवर फोटो काढा. का ते शेवटी सांगते.

पास आणि क्लास

लिफ्टचा पास म्हणजे बहुतेक ठिकाणी चिप असलेलं कार्ड, जॅकेटच्या डाव्या खिशात एकटं ठेवायचं, मोबाइलला चिकटून ठेवलं तर गेट उघडत नाही आणि मागची रांग तुमच्याकडे बघते. पहिल्या दिवसासाठी पूर्ण डोंगराचा पास घेऊ नका, नवशिक्यांच्या भागाचा स्वस्त पास आहे का विचारा, काही रिसॉर्टमध्ये तो पट्टा फुकटसुद्धा असतो.

क्लास मात्र घ्याच. आधीच बुक करा, सकाळचा, आणि जमलं तर सलग दोन-तीन दिवसांचा. ज्याला उत्तम स्कीइंग येतं असा मित्र हा सगळ्यात वाईट शिक्षक, कारण तो काय करतो ते त्याचं त्यालाच आठवत नाही, तो म्हणतो ‘सोपंय गं, वळायचं फक्त’, आणि तासाभरात कंटाळून तुम्हाला वर घेऊन जातो. वर नेणं सोपं असतं हो, खाली तुम्हालाच यायचं असतं.

पहिला तास

बूट घालून चालताना वरची बक्कलं सैल करा, टाच आधी टेकवा, जिन्यावर कठडा धरा. दोन्ही स्की तळ एकमेकांना लावून खांद्यावर, टोकं पुढे. वळताना मागची टोकं कुणाच्या तोंडावर बसत नाहीत ना ते बघा.

स्की घालताना त्या उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर एक पाय घातला की ती तुम्हाला घेऊन निघते. आधी खालच्या बाजूची स्की. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ पोलने किंवा बाइंडिंगवर घासून काढा, तो राहिला तर पाय बसतच नाही. मग चवडा पुढे अडकवा, टाच जोरात खाली दाबा, खट् असा आवाज आला की झालं. काढताना मागची पट्टी पोलने खाली दाबायची.

शिक्षक बहुधा पोल बाजूलाच ठेवायला लावतील, एकाच पायात स्की घालून लंगडीसारखं सरकवतील, मग दोन्ही, मग अगदी छोट्या उतारावरून सरळ. त्यानंतर येतो स्नोप्लाऊ, ज्याला सगळे पिझ्झा म्हणतात: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, त्रिकोणी तुकड्यासारखा आकार. टाचा बाहेर ढकलल्या की वेग कमी, जवळ घेतल्या की जास्त. वळायचं कसं तर उजव्या पायावर वजन टाकलं की डावीकडे, डाव्यावर टाकलं की उजवीकडे. ऐकायला उलटं वाटतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी पायाला कळतं.

आता यातली मुख्य गोष्ट. भीती वाटली की शरीर आपोआप मागे रेलतं, खुर्चीत बसल्यासारखं, आणि मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, त्या वळतही नाहीत आणि थांबतही नाहीत, वेग वाढतो, मग अजून भीती, मग अजून मागे. यातून सुटायचा उपाय मनाला पटत नाही पण तोच आहे, उताराच्या दिशेने पुढे झुकायचं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारायचे, नडगीला बुटाची जीभ लागतेय का? लागत असेल तर ठीक, पोटरीला मागचं कवच लागत असेल तर मी मागे गेलेय. दोन्ही हात समोर, ट्रे धरल्यासारखे. आणि नजर स्कीच्या टोकांवर नाही, जिकडे जायचंय तिकडे, कारण झाडाकडे बघत राहिलात तर झाडाकडेच जाता.

पडणं आणि उठणं

पडणार आहातच, तेव्हा नीट पडा. वेग हाताबाहेर गेला तर कुशीवर, कुल्ल्याच्या बाजूने बसत पडा. मागे पडता पडता जोर लावून परत उभं राहायचा प्रयत्न करू नका, गुडघ्याची लिगामेंट अशीच जाते. घसरत असताना उठू नका, पूर्ण थांबेपर्यंत थांबा. पोल असतील तर सोडून द्या, मुठीत पोल धरून हात टेकला की अंगठ्याला इजा होते.

उठताना स्की तुमच्या खालच्या बाजूला आणि उताराला बरोबर आडव्या हव्यात, हे नसेल तर कितीही ताकद लावा, उठलात की परत घसरणार. पाय अंगाशी घ्या, वरच्या बाजूला हात टेका आणि ढकला. नाहीच जमलं तर एक स्की काढा, उठा, परत घाला, कुणी हसत नाही.

लिफ्ट

सरकत्या पट्ट्यावर फक्त उभं राहायचं, शेवटी तोच पुढे ढकलतो. बटण लिफ्टमध्ये दांडा दोन पायांत घेऊन थाळी मांड्यांच्या मागे येते, त्यावर बसायचं नाही, ती ओढत नेते. बसलात की आपटलात.

चेअरलिफ्टची, म्हणजे तारेला लटकून वर जाणाऱ्या खुर्च्यांची, सगळ्यांनाच धास्ती असते. रांगेतच पोलचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही पोल एका हातात घ्या, सॅक पाठीवर असेल तर काढून पुढे. गेट उघडलं की रेषेपर्यंत सरका, खांद्यावरून मागे बघा, खुर्ची येऊन गुडघ्यांच्या मागे लागली की बसा आणि मागे सरका. खुर्चीचा डोक्यावरचा दांडा खाली घ्या, आधी शेजाऱ्याला सांगून, डोक्यात बसतो. वर पोचायच्या आधी पाटी दिसते, तेव्हा दांडा वर, स्कीची टोकं वर. स्की सपाट बर्फाला लागल्या की उभे राहा आणि खुर्चीला ढकलू द्या, सरळ जा, वळायची घाई नको, आणि जरा पुढे जाऊन बाजूला व्हा. माझी पहिली तीन उतरणी सगळी पडून झाली, तिसऱ्या वेळी शेजारचे दोघेही माझ्यासोबत आडवे. पडलात तर उठत बसू नका, रांगत बाजूला व्हा. खाली खुर्चीत बसतानाच ऑपरेटरला पहिल्यांदाच बसतोय असं खुणेने सांगितलं तर तो बहुतेक वेळा वेग कमी करतो.

रंग आणि नियम

उतारांना रंग असतात, पण रंग सगळीकडे सारखे नाहीत. युरोपात निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड, फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड. म्हणजे एकीकडचा निळा आणि दुसरीकडचा निळा यात चांगलाच फरक. त्यात रंग त्या त्या रिसॉर्टच्या मानाने दिलेले असतात, एका डोंगराचा सोपा दुसऱ्याच्या मधल्याएवढा असू शकतो. सकाळी कडक, दुपारी उन्हाने मऊ आणि ढिगाढिगांचा, संध्याकाळी परत गोठलेला, असा एकच उतार दिवसात तीन वेळा बदलतो ते वेगळंच.

आंतरराष्ट्रीय स्की फेडरेशनने 1967 मध्ये घालून दिलेले वागण्याचे 10 नियम आहेत, बऱ्याच ठिकाणी तेच धरतात. नवशिक्याला त्यातले तीन पुरे. पुढचा माणूस, म्हणजे उतारावर तुमच्या खाली असलेला, त्याचा हक्क पहिला, चुकवायची जबाबदारी मागून येणाऱ्याची. थांबायचं ते कडेला, आणि वरून दिसेल अशा जागी, वळणाआड किंवा उंचवट्याच्या खाली कधीच नाही. आणि निघताना आधी वर बघायचं. कुणी जखमी झालं तर त्याच्या थोडं वरच्या बाजूला दोन स्की बर्फात फुलीसारख्या रोवा, म्हणजे वरून येणारे वळसा घालतील, आणि रिसॉर्टच्या बचाव पथकाला फोन करा, तो नंबर सकाळीच सेव्ह करून ठेवा.

कधी थांबायचं

‘शेवटची एक’ ही फेरी मारू नका. मांड्या थरथरायला लागल्या, जमलेलं वळण अचानक जमेनासं झालं, की त्या दिवसापुरतं झालं. उंचीवर दम लवकर लागतो, 2500 मीटरच्या वर काहींना डोकेदुखी-मळमळ पण होते, म्हणून पाणी पीत राहा आणि पहिल्या दिवशी उत्साहाला लगाम घाला. कुणी वर नेलंच आणि खाली बघून पाय लटपटले तर लिफ्टच्या माणसाला विचारा, बऱ्याच लिफ्टमधून बसून खाली येता येतं. स्की काढून उतरायचंच झालं तर उताराच्या अगदी कडेने.

संध्याकाळी बूट गाडीच्या डिकीत किंवा बाल्कनीत टाकू नका. गार प्लास्टिक दगडासारखं होतं, सकाळी पाय आत जाता जात नाही. आतलं अस्तर निघत असेल तर काढून खोलीत वाळवा, हीटरला चिकटवून नाही, आणि घालून झाल्यावर बक्कलं लावूनच ठेवा म्हणजे आकार टिकतो.

आणि तो फोटो. भाड्याच्या स्की सगळ्या सारख्या दिसतात, जेवायला गेलात की बाहेर रॅकवर अशा पन्नास उभ्या असतात. मी दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन पाच-सात मिनिटं बाइंडिंगवर पाय आपटत होते, बर्फ घासला, टाच दाबली, परत घासला, खट् काही होईना, दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या पण देऊन झाल्या. मग मोबाइलमधला तो फोटो उघडून नंबर बघितला तर स्की माझी नव्हतीच, आणि दहा पावलांवर एक उंच बाप्या माझ्या स्कीवर तसाच पाय आपटत उभा होता.